जुन्या पिशवींतील कॅमेरा

मौल्यवान वस्तु लपविण्याची विद्या आमच्या घरांत परंपरेनें चालत आली आहे. आमच्या आजीचे दागिने तुरीच्या डाळीच्या डब्यांत असत, आणि यात्रेस निघतांना रोकड दशम्यांच्या फडक्यांत जाई. गेल्या हिवाळ्यांत पुतण्यानें दोन वर्षें पैसा सांठवून घेतलेला कॅमेरा व त्याची हातभर लेन्स बरोबर घेऊन ताडोबाचें अरण्य पाहण्याचें ठरलें, तेव्हां ती विद्या पुन्हां उपयोगास आली.

कॅमेऱ्याची मूळ पिशवी म्हणजे चोरास धाडलेली निमंत्रणपत्रिकाच! ती घरींच ठेविली. कंपनीचें नांव मिरविणारा पट्टा काढला; यंत्रावरील अक्षरांवर काळी चिकटपट्टी लाविली. आमच्या मंडळींनीं सारें जुन्या लुगड्यांत गुंडाळून एका विटक्या पिशवींत भरलें व वर आमचें पंचांग ठेविलें. आगगाडींत त्या पिशवीकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं. आमच्या चातुर्याचा आम्हांस अभिमान वाटला.

चंद्रपुराहून मोटारीनें मोहर्लीस जातांना वाटेंत एका टपरीवर चहा घेतला. दोन कोस पुढें गेल्यावर ध्यानांत आलें कीं, पिशवी बांकावरच राहिली! पुतण्याचा चेहरा पांढरा पडला. मोटार मागें फिरविली. त्या पाव तासांत आमच्या मनानें जें केलें तें सांगावयास लाज वाटते. पण सांगितलें पाहिजे. टपरीवाल्या म्हातारीचें फाटकें लुगडें आम्हांस आठवलें, आणि तेवढ्यावरून आम्हीं तिला मनांतल्या मनांत चोर ठरविलें.

आम्हांस पाहतांच ती आंतून पिशवी घेऊन आली. तिनें ती उंच खुंटीस टांगून ठेविली होती. म्हणाली, "बाबाजी, तुमचं पंचांग राहून गेलं होतं जी."

म्हणजे पिशवींत पंचांगच आहे असें समजून तिनें ती जपली होती! आमचें सोंग चोरासाठीं होतें. तिला त्याची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशीं अरण्यांत वाटाड्यानें झाडांना बांधलेले वनखात्याचे कॅमेरे दाखविले. वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर एकेक असतो. कारण वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे निराळे असतात. २०१८ च्या व्याघ्रगणनेंत देशभर २६,८३८ ठिकाणीं असे कॅमेरे लाविले होते. त्यांचा रंगहि रानांत मिसळणारा, तेंहि सोंगच. परंतु रात्रंदिवस रानांत एकटें राहणारें यंत्र केवळ रंगानें राखलें जात नाहीं. त्या वाटेनें जाणाऱ्यांच्या सचोटीवरहि तें टिकून असतें.

तेव्हां सोंग अवश्य करावें. यंत्राचा क्रमांक व पावतीहि घरीं जपून ठेवावी. मात्र वस्तु झांकतांना माणसांविषयींचा विश्वास झांकूं नये.

परततांना पुतण्यानें त्या म्हातारीचें छायाचित्र काढलें. लुगड्यांतून निघालेलें तें यंत्र पाहून ती म्हणाली, "हे होतं होय जी पंचांगाखाली?" आणि मनमोकळी हंसली. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.