पंगत आणि कॅमेरा

आषाढी वारीचे चित्रण करूच नये, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. गेली काही वर्षे पुणे ते लोणंद एवढा टप्पा मी मराठवाड्यातल्या एका दिंडीबरोबर चालतो, आणि दिवे घाटात कठड्यापाशी कॅमेरे घेऊन उभ्या राहिलेल्यांची गर्दी वाढताना पाहतो. वळणावळणाने चढणारी ती पांढरी-भगवी ओळ खरोखरच देखणी असते. तिचा मोह कोणाला होणार नाही? अडचण सुरू होते ती मुक्कामावर. पहाटेचा कोवळा उजेड चित्रण करणाऱ्याला प्रिय असतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याच्या टँकरभोवती बायका पुरेसा आडोसा नसताना आंघोळी उरकत असतात. घाटातून दिसणाऱ्या ओळीत कोणाचा चेहरा ओळखू येत नाही. इथे मात्र कोणा एकीची सून, कोणा एकीची आई पडद्यावर येणार असते, आणि ते चित्र आज फोनवरून तिच्या आधी तिच्या गावी पोहोचते.

यावर संमतीपत्र हा उपाय सांगितला जातो. एके वर्षी चित्रपटाचे शिक्षण घेणारा एक विद्यार्थी माझ्याबरोबर होता. त्याने मराठीत तयार केलेला छापील कागद आणला होता, आणि त्याचा हेतू अगदी प्रामाणिक होता. जेजुरीच्या मुक्कामी त्याने तो एका वृद्ध बाईंपुढे धरला. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "माउली, आधी जेवून घ्या, मग काय काढायचं ते काढा." तो पंगतीला बसला. भाकरी-पिठले वाढता वाढता बाईंनी आपणहून सांगून टाकले: अभंग म्हणताना घ्या, डोक्यावर तुळस असताना घ्या, पाय चेपून घेताना नको, आणि रडताना तर नकोच. कागदावर 'होय' आणि 'नाही' असे दोनच रकाने होते. एवढा बारीक भेद त्यात मावणे शक्य नव्हते. शिवाय कॅमेरा हातात असलेल्या शहरी, शिकलेल्या माणसाला 'नाही' म्हणण्याची सवय आपल्या खेड्यांतल्या किती बायकांना असते, हेही विचारायला हवे. त्यांचा होकार पुष्कळदा आतिथ्याचा असतो.

मग आदर म्हणजे लोकांना आवडेल तेवढेच दाखवणे काय? तसे मला वाटत नाही. टाळ, तुळस, हसरे सुरकुतलेले चेहरे आणि मागे बासरी, अशा गोड चित्रफितींचा आता पूर आला आहे, आणि त्यांतली वारी मला ओळखू येत नाही. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'मधला 'वाटचाल' हा लेख वाचकांनी या दृष्टीने पुन्हा काढून पाहावा. एकाच दिंडीत बरोबर चालणारे, एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसतात, ही गोष्ट त्यांनी झाकलेली नाही, आणि तिची खंतही लपवलेली नाही. तरी त्या लेखात कोणाचा अवमान झाला असे वाटत नाही. लेखिका स्वतः त्या दिंडीबरोबर चालली, आणि त्या विभागणीत आपणही आहोत हे तिला ठाऊक होते. कठड्यावरून पाहणाऱ्याला ती पंगत कदाचित दिसलीही नसती. गुंथर सोन्थायमर यांनीही वारीवर चित्रपट केला, पण त्याच्या पाठीशी धनगरांमध्ये, खंडोबा-बिरोबाच्या भक्तांमध्ये घालवलेली वर्षे होती, आणि मराठी भाषा होती. इतका वेळ प्रवाशापाशी कुठून येणार, ही सबब खरी आहे. मग त्याने कमी दाखवावे, एवढेच मी म्हणेन.

चित्रण झाल्यावर ते ज्यांचे आहे त्यांना दाखवणे ही गोष्ट आपल्याकडे फारच कमी घडते. फ्रेंच चित्रपटकार झाँ रूश यांनी १९५१च्या सुमारास नायजर नदीवर सोर्को लोकांची पाणघोड्याची शिकार चित्रित केली, आणि पुढे तो चित्रपट त्याच शिकाऱ्यांना नेऊन दाखवला. रूश यांनी शिकारीच्या दृश्यामागे त्यांचेच पारंपरिक संगीत घातले होते. शिकाऱ्यांनी हरकत घेतली: शिकारीत शांतता हवी, आवाजाने पाणघोडा पळून जाईल. रूश यांनी संगीत काढून टाकले. रंगत वाढवण्यासाठी घातलेली गोष्ट जाणकारांच्या लेखी अज्ञान ठरली होती.

आमच्या विद्यार्थ्याने हा किस्सा वर्गात ऐकलेला होता. कार्तिकात तो चित्रफीत घेऊन दिंडीच्या गावी गेला. मीही बरोबर होतो. देवळात टीव्ही लावला, सगळे गाव जमले. ज्यांनी पंगतीत अटी घातल्या होत्या, त्या बाई पुढेच बसल्या होत्या. स्वतःला पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला. आंघोळीचे दृश्य नव्हते, रडण्याचे नव्हते. मला वाटले, सारे निर्विघ्न पार पडले. तेवढ्यात विणेकरी उठले. पडद्यावर तुकोबांचा अभंग चालू होता, आणि दोन चरणांनंतर दृश्य बदलून पालखीच्या बैलांवर गेले होते. "असं मधीच तोडत्यात का?" ते म्हणाले. "तुकोबांचं नावच आलं नाही की!"

पुढच्या आवृत्तीत अभंग शेवटच्या चरणापर्यंत ठेवला आहे. त्यामुळे ते दृश्य जवळजवळ दोन मिनिटांनी वाढले. परीक्षकांना ते लांबलेले वाटले, असे त्याने मला नंतर कळवले.