पावडरीचा डबा

पोरगी जन्मली. डॉक्टर म्हणाले, डाऊन सिंड्रोम. आय म्हणाली, "आरं, मागल्या जन्मीचं कुणाचं पाप रं हे?" मी तिच्यावर खेकसलो. दीक्षा घेतलेल्या घरात मागला जन्म आला कुठून? वस्तीतल्या पोरांना कर्मविपाकाचं थोतांड फोडून सांगणारा मी!

आणि पोरगी दीड वर्षाची झाली तरी आधाराशिवाय बसेना, तेव्हा मीच अकोल्याच्या बाजारातून पावडरीचा डबा आणला. ब्राह्मी, अश्वगंधा, शतावरी. वाढ, ताकद, बुद्धी. विकणारा म्हणाला, "झाडपाल्याचं आहे, अपाय नाही." एक संपला की दुसरा. उसनवारी करून सहा महिने पाजली.

आमच्याकडं झाडपाल्यावर माणसाचा भरवसा आहे, तो उगाच नाही. डोंगरातली आदिवासी माणसं हिरडा गोळा करून मीठमिरची आणतात. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावठी बियाणं जपलं, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नागली, हुलग्यानं अंगात बळ येतं, हे खरंच. पण तोच भरवसा कुणीतरी डब्यात भरून आपल्यालाच विकतो.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. माझ्या पोरीच्या पेशीत ४७. एकविसावं दोनाऐवजी तीन. १९५९ साली पॅरिसच्या संशोधकांनी हे मांडलं. बहुतेक वेळा बीज तयार होतानाच हे घडतं. यात आईबापाचं पाप नाही, बाईच्या खाण्यापिण्याचा दोष नाही. अशा लेकरांचे स्नायू सैल असतात, म्हणून बसणं-चालणं उशिरा. उंची कमी, म्हणून त्यांच्या वाढीचा तक्ताही वेगळा. जवळपास निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष. आणि पुष्कळांचं थायरॉईड मंद. ते मंद झालं की वाढ आणखी खुंटते. त्याला रक्ततपासणी लागते, पहिल्या वर्षात आणि मग दरवर्षी. उपाय साधी, स्वस्त गोळी. कुठल्याही वनस्पतीच्या पावडरीनं या लेकरांची शरीरवाढ होते, असं सिद्ध झालेलं नाही. उलट अश्वगंधा थायरॉईडच्या कामात ढवळाढवळ करू शकते.

पोरीचं रक्त शेवटी तपासलं. थायरॉईड मंदच निघालं.

या लेकरांना पूर्वी 'मंगोल' म्हणत. १८६६ साली लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरनं चेहरा पाहून त्यांना एका वंशाच्या खात्यात टाकलं. मंगोलियानं हरकत घेतली, तेव्हा १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते नाव सोडलं. तोंड बघून माणसाची पायरी ठरवायचा धंदा आपल्याला नवा नाही.

आता गोळी चालू आहे. मी रोज पोरीच्या पायांचा व्यायाम घेतो. आय नागलीची पेज आन् अंडं भरवते. पोरगी भिंत धरून चालते. विहारात वंदना सुरू झाली की टाळ्या वाजवते.

मित्रांनो, वस्तीत असं लेकरू असेल तर अंगणवाडीत नाव सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात डाऊन सिंड्रोमची नोंद होते. हृदय, थायरॉईड, कान, डोळे तपासून मागा. २०१६ चा अपंग हक्क कायदा आहे, शाळा मागा. भीक नव्हे, हक्क.

त्या सहा महिन्यांचा हिशेब मात्र कुणाच्या मागल्या जन्मात नाही. तो माझ्या नावावर आहे.