घरात कोण, कशाने गेलं? जुन्या मृत्यूनोंदी फुकट कशा शोधाल



"घरात कोणाला काही आजार होता का?" हा प्रश्न मी प्रत्येक नव्या पेशंटला विचारतो. बहुतेकदा उत्तर येतं, "नाही डॉक्टर. वडील अचानक गेले, आजोबा म्हातारपणाने." मग मी वय विचारतो. आजोबांचं म्हातारपण कधीकधी 52 वर्षांचं निघतं!

छातीत जळजळ होते म्हणून 38 वर्षांचा एक पेशंट आला होता. ईसीजी नॉर्मल होता. घरातल्या पुरुषांची मृत्यूच्या वेळची वयं त्याला शोधून आणायला सांगितली. वडील 47, थोरले काका 44, आजोबा 51. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण ही तीन वयं पुरेशी होती. तपासणीत कोलेस्टेरॉल खूप वाढलेलं निघालं. आता त्याच्या गोळ्या चालू आहेत आणि धाकट्या भावाचीही तपासणी झाली आहे.

लक्षात ठेवा: वडील किंवा भावाला 55 वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला 65 वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमचाही धोका वाढतो. म्हणून वय कळलं तरी अर्धं काम होतं.

कुठे शोधाल?

सुरुवात घरच्या कपाटापासून करा. जुनी डिस्चार्ज कार्डं, विम्याच्या क्लेमची कागदपत्रं, मृत्यूचा दाखला. दाखल्यावर मृत्यूचं कारण मात्र सापडणार नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 नुसार दाखल्यात ते उघड करता येत नाही. कारण डॉक्टर वेगळ्या प्रमाणपत्रावर लिहितात. 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. दुःखाच्या वेळी सुचत नाही, पण ती मागून घ्या आणि जपून ठेवा. रुग्णालयाला आंतररुग्णाचे कागद 3 वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे तिथे चौकशीला उशीर करू नका.

त्याआधीच्या पिढ्यांसाठी गाव नमुना 14, म्हणजेच कोतवाल बुक. गावातल्या जन्म-मृत्यूची ही जुनी नोंदवही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी अनेक जिल्हा प्रशासनांनी अशी पानं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर ठेवली आहेत. ती घरबसल्या, फुकट पाहता येतात. साक्षांकित नकलेला शुल्क पडतं, पण डॉक्टरला साक्षांकित नक्कल लागत नाही. मोबाइलवरचा फोटो पुरतो. बरीच पानं मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारी व्यक्ती शोधा.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कारण नसतं, पण वंशावळ जुळवायला त्यांचा उपयोग होतो.

वाचायचं कसं?

जुन्या नोंदीत "ताप" दिसला तर थांबा. हिवताप, विषमज्वर, क्षय, काहीही त्या एका शब्दात बसायचं. "पटकी" म्हणजे कॉलरा, "देवी" म्हणजे स्मॉलपॉक्स. हे साथीचे आजार, आनुवंशिक नव्हेत. अलीकडच्या कागदावर "हृदयक्रिया बंद पडून" असेल तर त्यावरून हृदयविकार धरू नका. हृदय शेवटी प्रत्येकाचंच बंद पडतं. ते का पडलं, हा खरा प्रश्न.

आमच्याच घरात "या घराला थोरला मुलगा लाभत नाही" असं आजी म्हणायची. माझे दोन चुलत आजोबा लहानपणीच गेले होते. माझा थोरला भाऊ साधा तापला तरी आई रात्रभर उशाशी बसायची. पुढे गावच्या नोंदवहीत ती दोन्ही मुलं सापडली. चार दिवसांच्या अंतराने, दोघांपुढे "पटकी". त्याच पानावर आमच्या आळीतली आणखी पाच नावं होती. शाप नव्हता, पाणी दूषित होतं. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आधी कळायला हवं होतं रे."

शेवटी काय करायचं?

एका कागदावर नाव, नातं, मृत्यूचं वय आणि माहीत असेल तर कारण लिहा. आईच्या माहेरच्या माणसांनाही विसरू नका. निम्मा वारसा तिकडून येतो. आई-वडिलांपैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तो कोणत्या वयात कळला तेही लिहा. मुलांची तपासणी त्या वयाच्या 10 वर्षं आधी किंवा चाळिशीत, जे आधी येईल तेव्हा सुरू करायची असते.

घरात सत्तरीपुढची आत्या किंवा मावशी असेल तर आधी तिच्याजवळ जाऊन बसा. तिची आठवण कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही. तो कागद पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की दाखवा.