स्वस्तातलं पंचेचाळीस

टेक्सासमध्ये राहून घरात पिस्तूल नाही म्हणजे कोकणात राहून दारात फणस नाही, असं मित्र म्हणाले. ‘लहान मुलं येतात-जातात, घरात हत्यार नको,’ असं ही म्हणाली. मी मित्रांचं ऐकलं.

हवं होतं ब्राउनिंगसाहेबांचं पंचेचाळीस. अमेरिकन सैन्यानं १९११ साली घेतलं, ते थेट १९८५ पर्यंत कमरेला वागवलं. अस्सल जुन्याची किंमत ऐकली आणि मी मुकाट्यानं फिलिपिन्समध्ये बनलेल्या नकलेवर आलो.

मग नटवणं सुरू. मुठीच्या फळ्या अक्रोडाच्या बसवल्या (चारच स्क्रू असतात, म्हणून मलाही जमलं). चाप बदलला, घोडा बदलला. बेरीज केली तर नवरीपेक्षा दागिने महाग!

एकदा साफ करून जोडताना डावीकडचा खटका नीट बसेना. जोर लावला, तर पोलादावर चंद्रकोरीसारखा ओरखडा. जाणकार या ओरखड्याला ‘मूर्खाची खूण’ म्हणतात. मी तोंड पाडून बसलो.

“अहो, आता कुठे ते तुमचं वाटतंय,” ही म्हणाली.

तिजोरीची किल्ली पहिल्या दिवसापासून हिच्याकडे. ओरखडा घासायला म्हणून मी काल मागितली. अजून मिळालेली नाही.