दोन वह्या आणि एक साल

परवा शनिवारी धाकटी बहीण राहायला आली होती. जेवता जेवता एकदम म्हणाली, "दादा, ज्ञानेश्वरी लिहिली तेव्हा देवगिरीला राजा कोण होता रे?"

आता मी पडलो इंजिनिअर. दहावीनंतर इतिहासाला रामराम ठोकलेला. "कोणीतरी यादव" एवढंच आठवलं. (खोटं कशाला बोला!)

"रामचंद्रदेव. ज्ञानेश्वरीच्या शेवटी खुद्द माउलींनी त्याचं नाव घेतलंय. शके १२१२, म्हणजे १२९० साल. पुढे सहाच वर्षांनी, १२९६ ला अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. आणि परंपरेप्रमाणे त्याच वर्षी कार्तिकात आळंदीला माउलींची समाधी."

मी घास हातात धरून बसलो. दोन्ही गोष्टी शाळेपासून ऐकलेल्या. पण एक इतिहासाच्या वहीत होती आणि दुसरी मराठीच्या. त्या दोन वह्या कधी शेजारी ठेवल्याच नव्हत्या.

बहीण बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, इतिहास आणि मराठी घेऊन. बारावी सायन्सला चांगले मार्क पडूनही तिने आर्ट्सला जायचं म्हटलं, तेव्हा घरात जो तमाशा झाला त्यात बाबांपेक्षा माझाच आवाज मोठा होता. "स्कोप काय?" हा प्रश्न माझाच.

तिचं म्हणणं असं, की मध्ययुग हे एका विषयाचं काम नाहीच. यादवांचा काळ घ्या. साधी माणसं कशी बोलत, कशी वागत, ते लीळाचरित्रात सापडतं. ते शिकवणार मराठीवाले. देवगिरीच्या स्वारीची हकीकत बर्नीच्या फारसी ग्रंथात, आणि तो पुरा झाला १३५७ ला, म्हणजे साठेक वर्षांनी. ते इतिहासवाल्यांकडे. सिन्नरचं गोंदेश्वराचं देऊळ स्थापत्याकडे. सिंघण राजाच्या दरबारातल्या शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' संगीतवाल्यांकडे, आणि हा गृहस्थ नोकरीला होता हिशेबखात्यात! त्याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव म्हणजे भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने पाटणला मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. म्हणजे गणितवालेही आलेच की! एका दरबारातली माणसं आपण पाच खात्यांत वाटून टाकली.

आता खरी अडचण. तिला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट यावरच करायचाय. देवगिरीवरच्या त्या स्वारीचे पडसाद त्या काळच्या मराठी लिखाणात कुठे दिसतात का? मराठीच्या सरांनी सांगितलं, हा इतिहास झाला. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, हे साहित्य झालं. दोघांनीही सही दिली नाही.

"सोडून देऊ का दादा? एखादा सोपा विषय घेते," ती म्हणाली.

तीन वर्षांपूर्वीच्या मी लगेच "दे सोडून" म्हटलं असतं. पण गेली काही वर्षं ऑफिसात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघतोय. प्रत्येकाचं मोड्यूल आपापल्या जागी पास होतं. सगळी जोडली की बोंब. बग असतो तो सांध्यात, आणि सांधा कोणाच्याच यादीत नसतो. म्हणून तर तो इतके दिवस लपून राहतो.

मी तिला हेच सांगितलं. शिवाय दा. ध. कोसंबींची आठवण करून दिली. माणूस गणिताचा प्राध्यापक, पण जुनी नाणी तोलून त्यांच्या वजनांवरून इतिहास मांडला आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही काढली. त्यांनी कुठल्या खात्याची सही घेतली असेल?

"म्हणजे सोडू नको म्हणतोस?"

"सोडू नकोस. दोघांनाही एकदम भेट. दोन्ही वह्या एकाच टेबलावर ठेव."

ती हसली. सोमवारी भेटणार आहे. सही मिळेल की नाही, माहीत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही आधी नेवाशाला आणि तिथून देवगिरीला जाणार आहोत. एक ज्ञानेश्वरीचं गाव, दुसरं खिलजीच्या स्वारीचं, आणि मधलं अंतर एका सकाळीत होईल इतकंच. तीन वर्षांपूर्वी केलेल्या आरडाओरड्याबद्दल सॉरी म्हणायचं राहिलंय. ते त्या वाटेवर म्हणेन म्हणतो.

असो.