ब्रसेल्सच्या पाट्या

"सर, लोक मे महिन्यात जातात युरोपला. तुम्ही ऐन थंडीत कशाला जाताय की?"

आमच्या कॅम्पातल्या हाय स्ट्रीटवर हा प्रश्न न विचारणारा ओळखीचा माणूस मला भेटला नाही. उत्तर साधे होते. मे महिन्यात विमानाचे तिकीट महाग, आणि मुख्याध्यापकाच्या मागे दहावीचा निकाल, दाखले आणि प्रवेश. डिसेंबरात स्नेहसंमेलन एकदा पार पडले की फेब्रुवारीतल्या पूर्वपरीक्षेपर्यंत दोन आठवड्यांची रजा कशीबशी पचते. शिवाय आमचे चिरंजीव बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात संशोधन करतात आणि त्यांना सवड नाताळातच. लग्नाला डिसेंबर २०२४ मध्ये तीस वर्षे झाली, हे कारण सौ.चे. मी ते लोकांना सांगितले नाही.

व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे द्यावे लागले. एम.ए. झालेल्या माणसाने साक्षरता वर्गातल्या आजोबांसारखी बोटे पुढे करायची, याची गंमत वाटली. चिरंजीवांसाठी डबाभर कुंदा घेतला होता. पण बाहेरून येणाऱ्यांना दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, हे त्याने निघायच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितले. मुंबईच्या विमानतळावर आम्ही उभयतांनी तो कुंदा जमेल तेवढा खाल्ला आणि उरलेला शेजारी बसलेल्या एका कुटुंबाला दिला. बेळगावच्या बाहेर पडल्याची खूण म्हणून ते बरेच झाले.

आम्ही निघालो तेव्हा शहर दिव्यांनी झगमगत होते. सुवर्णसौधातले हिवाळी अधिवेशन नुकते आटोपले होते आणि १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीची तयारी जोरात होती. गांधीजी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते आमच्या टिळकवाडीतले. अशा उजेडातून उठून आम्ही जिथे गेलो, तिथे सकाळी पावणेनऊला सूर्य उगवत होता आणि पाचाच्या आत मावळत होता. बर्फ पाहायला मिळेल ही सौ.ची आशा फोल ठरली. बर्फाऐवजी सतत भुरभुर पाऊस, ओले दगडी रस्ते, करडे आकाश. "हा तर आपला जुलै," ती म्हणाली. बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात. इथे श्रीमंतांचे बेळगाव पाहायला मिळाले.

पॅरिस दोन दिवसांत उरकले. आयफेल टॉवर चित्रात असतो तसाच आहे, फक्त चित्रात वारा लागत नाही. नोत्र दाम चर्च मात्र पाहण्याचा योग होता. एप्रिल २०१९ मध्ये आग लागून त्याचे छप्पर आणि शिखर कोसळले होते आणि डिसेंबर २०२४ च्या पहिल्याच पंधरवड्यात ते पुन्हा उघडले होते. आतला दगड इतका पांढरा दिसत होता की आठशे वर्षांची इमारत नवी वाटावी. जर्मनीतल्या कोलोनला एक दिवस गेलो. तिथल्या कॅथीड्रलचे काम १२४८ मध्ये सुरू झाले आणि १८८० मध्ये पूर्ण झाले. मध्ये तीनशे वर्षे नुसते पडून होते. आमच्याकडच्या रेल्वे फाटकावरच्या पुलाची वाट पाहिलेल्या माणसाला असले काही ऐकून फार धीर येतो.

पण मला सांगायचे आहे ते ब्रसेल्सबद्दल.

ल्यूव्हेनहून ब्रसेल्स रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. गाडीत ल्यूव्हेनला सूचना फक्त डच भाषेत येतात. ब्रसेल्सची हद्द आली की त्याच सूचना फ्रेंचमध्येही येऊ लागतात. कोगनोळी नाका ओलांडताना रस्त्याकडेच्या अक्षरांवर ज्यांचे लक्ष जाते, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चिरंजीव म्हणाला, "बाबा, इथे मोटारीने निघालात तर बेर्खेन नावाच्या गावाच्या पाट्या बघत जाल, आणि मध्येच त्या नाहीशा होऊन मोन्सच्या पाट्या लागतील. गाव एकच." दोन्ही नावांचा अर्थ डोंगर. भांडायला अर्थाचा उपयोग नसतो.

ब्रसेल्सच्या प्रत्येक रस्त्याच्या कोपऱ्यावर निळी पाटी, तिच्यावर दोन ओळी, एक फ्रेंच आणि एक डच. अक्षरे सारख्याच उंचीची. रेल्वेच्या दक्षिण स्टेशनाला एक नाव मिदी, दुसरे झाउट. ज्या भव्य चौकाला बघायला जग येते, तो ग्रां प्लास आणि तोच ग्रोटे मार्क्ट. १६९५ मध्ये फ्रेंच तोफांनी हा चौक जवळजवळ भुईसपाट केला आणि व्यापाऱ्यांच्या संघांनी काही वर्षांत तो पुन्हा उभारला. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या घरांकडे सगळे माना वर करून पाहत होते, आणि मी कोपऱ्यावरच्या पाट्यांचे फोटो काढत होतो. चिरंजीवाने मोजले, सत्तावन्न फोटो. त्यात पाट्या एकोणपन्नास.

ज्याची सगळी हयात पाट्यांच्या भांडणात गेली, त्याला ही हौस माफ असावी. माझा जन्म होईपर्यंत महाजन आयोगाचा अहवाल येऊनही गेला होता. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी अठरा वर्षांचा होतो. शाळेच्या पाटीवर कुठली अक्षरे केवढी असावीत, याचा पत्रव्यवहार मी स्वतः केला आहे, आणि तोही कन्नडमध्ये, कारण खात्याची परिपत्रके त्याच भाषेत येतात.

तेव्हा चौकातल्या एका आडोशाच्या बाकावर बसून मी सौ.ला बेल्जियमचा इतिहास सांगायला घेतला. देश झाला १८३० मध्ये. उत्तरेकडचे लोक डच बोलत, तरी सरकार, सैन्य, कोर्ट, उच्च शिक्षण सगळे फ्रेंचमध्ये. डचमधून चालणारे पहिले विद्यापीठ, गेंटचे, व्हायला १९३० साल उजाडले. भाषेची सीमा जनगणनेतल्या आकड्यांप्रमाणे सरकत असे, म्हणून जनगणनाच भांडणाचे मूळ झाली. शेवटी १९६२-६३ मध्ये कायद्याने सीमा कायमची आखली. त्यात फूरेन भागातली सहा खेडी लिएज प्रांतातून काढून लिम्बुर्गमध्ये घातली, आणि त्या भागाच्या वादात १९८७ मध्ये देशाचे सरकार पडले. पाट्यांवर रंग फासण्याचे प्रकार तिथेही झाले.

"म्हणजे इथेही काळं फासतात होय," ती म्हणाली. नंतर बराच वेळ गप्प बसली. वारा सुटला होता. हातमोज्यांतले हात शालीत ओढून घेत ती म्हणाली,

"भाळ थंडी ऐत्री."

मी चमकून इकडेतिकडे पाहिले. खरोखर पाहिले. कुणी ओळखीचे आहे का, हे त्या परक्या चौकात मी पाहिले, आणि तिने मला पाहताना पाहिले.

"इथं कोण ऐकायला आहे?" ती म्हणाली. "ना भाजीवाली, ना मामंजींचे कार्यकर्ते."

हिचे माहेर बैलहोंगलचे. घर मराठी, पण गल्ली कन्नड, सातवीपर्यंत शाळा कन्नड, आणि बहिणीबहिणींची आपसातली बोली कन्नड. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, १९९५ मध्ये, ती फाटकाशी उभी राहून भाजीवालीशी कन्नडमध्ये खळखळून हसत बोलत होती. आत वडिलांकडे समितीची माणसे बसली होती. मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "आपल्या दारात मराठीतच बोलत जा." एवढेच. वडील काही बोलले नव्हते. त्यांनी ऐकले तरी होते की नाही, कोण जाणे. बोललो मी. आणि मी ते साफ विसरून गेलो होतो. ब्रसेल्सच्या बाकावर तिने महिना, भाजी आणि भाजीवालीच्या लुगड्याचा रंग सांगितला, तेव्हा आठवले.

"इतकं मनावर घेतलंस?"

"तुमची पोरं एकदा सांगून ऐकत नाहीत. मी ऐकलं."

ती रागाने बोलत नव्हती, म्हणून मला उत्तर देता येईना. पुढे म्हणाली, "अक्काशी फोनवर बोलायची ना, तेवढं पुरायचं." तिची थोरली बहीण २०२१ मध्ये कोरोनात गेली. फोनवरचे ते बोलणे मी खोलीत शिरलो की मराठीत वळत असे, हेही मला तेव्हाच उमगले. मला ते वळण म्हणजे शिष्टाचार वाटत आला होता. अक्का गेल्यावर हिच्याशी त्या बोलीत बोलणारे कुणी उरले नव्हते, आणि घरात कन्नड उत्तम येणारा एक माणूस रोज परिपत्रके वाचत बसला होता.

चिरंजीव कागदाच्या कोनात तळलेले बटाटे घेऊन आला आणि बोलणे तिथेच थांबले. बटाटे इथे पुष्कळदा बैलाच्या चरबीत तळतात, म्हणून त्याने दुकानात आधी चौकशी केली होती. सौ.ने तरी ते खाल्ले नाहीत. मी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ल्यूव्हेनचे ग्रंथालय पाहिले. मनोऱ्याची देखणी इमारत. मूळ ग्रंथालय जर्मन सैन्याने १९१४ च्या ऑगस्टमध्ये जाळले. अमेरिकेतून आलेल्या देणग्यांतून ही नवी इमारत बांधली, तर मे १९४० मध्ये तीही जळाली. पुन्हा बांधली. मग १९६८ मध्ये खुद्द विद्यापीठच भाषेवरून फुटले. फ्रेंच शाखेला शहर सोडावे लागले आणि तिच्यासाठी भाषासीमेपलीकडे ‘नवे लूव्हें’ नावाचे अख्खे गाव वसवले गेले. ग्रंथालयाची वाटणी कशी केली ते इथे सगळेच सांगतात: सम क्रमांकाची पुस्तके एका विद्यापीठाला, विषम क्रमांकाची दुसऱ्याला. दोन युद्धांच्या आगीनंतर ही तिसरी वाट.

मी हे सांगितल्यावर सौ.ने विचारले, "मग वाचणाऱ्यानं काय करायचं?"

"आगगाडीत बसायचं," चिरंजीव म्हणाला.

आमचा भाग महाराष्ट्रात गेला पाहिजे, हे माझे मत ब्रसेल्सची हवा लागून बदलले, असा कुणी समज करून घेऊ नये. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि निकालाची वाट मीही पाहतो आहे. बेल्जियमचा आदर्श घ्यावा असेही नाही. २०१०-११ मध्ये त्या देशाला पूर्ण सरकार बनवायला ५४१ दिवस लागले. पण त्या रात्री चिरंजीवाच्या लहानशा खोलीत, तो झोपल्यावर, मी सौ.ला विचारले, "ऊटा आतेन्री?" जेवण तिघांनी एकत्रच केले होते. तिने मला उच्चारात दुरुस्त केले. मग अक्काबद्दल, बैलहोंगलच्या शाळेतल्या बाईंबद्दल, पावसात गळणाऱ्या वर्गाबद्दल ती बोलत राहिली. तीस वर्षांत मी त्या बाईंचे नावही ऐकले नव्हते. मधले काही शब्द मला कळले नाहीत. परिपत्रकांत ते येत नाहीत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. कॅम्पातल्या घरांवरच्या नाताळच्या चांदण्या अजून उतरल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली फाटकाशी आली. आता त्या पहिल्या बाईची सून येते.

"याव ऊरिग होगिद्रि, अक्का?" तिने विचारले.

सौ.ने एकवार खिडकीकडे पाहिले. मी पूर्वपरीक्षेचे वेळापत्रक पुढे घेऊन बसलो होतो. फाटकाशी पाऊण तास गेला आणि मेथी निवडायची राहिली.