दुनळी कीं रायफल?

आमच्या कोरपन्याच्या घरीं आजोबांपासून तीन बंदुका होत्या. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मर्यादा तिहींवरून दोहोंवर आणिली, आणि त्यांची लाडकी ठासणीची बंदूक ठाण्यांत जमा झाली. उरला प्रश्न, नेमबाजीच्या मैदानावर न्यावी कोणती? दुनळी उदार, तिचे छर्रे पसरतात आणि चुकलेला नेम थोडाबहुत सांभाळून घेतात. पॉइंट बावीस रायफलीस ही दया ठाऊक नाहीं. पन्नास मीटरांवर दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटरांचें! त्याच अंतरावर कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसला कांस्यपदक मिळविलें. शिकारीचा काळ १९७२ च्या कायद्याबरोबर सरला. मैदानावर मनुष्य मोजतो तो आपलाच हात. जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या हातासहि एखादा निर्भीड परीक्षक असावा. मी रायफलच नेतों.